वर कोण चढायचं

संक्रांत झाली आणि त्याच आठवड्यात चिंचटेकच्या वरच्या शिवारातली डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली. ज्वारी निसवली होती, हरभरा घाट्यात होता आणि विहिरींत उरलेलं पाणी उपसून घ्यायची सगळ्यांना घाई होती. अर्धं गाव ऊसतोडीला गेलेलं, त्यांच्या दारांना कुलपं. मागं राहिलेले सगळे पाणीवाले. प्रत्येकानं मोटारीच्या स्टार्टरला ऑटो बसवलेलं, म्हणजे लाईट आली की सगळ्या मोटारी एकदम उचलतात. डीपी सोसते तोवर सोसते. एक दिवस तेल उकळून बाहेर आलं आणि खालचं गवत काळं झालं.

तेव्हा मी घरी जेवत होतो. मोबाईल वाजला. माझा नाही, वच्छलाचा.

वच्छला माझी बायको. मूत्रपिंडाच्या दुखण्यानं श्रावणात गेली. तिचा मोबाईल मी बंद केला नाही. चिंचटेक आणि आसपासच्या वाड्यांवर निम्म्या लोकांकडे तिचाच नंबर आहे, कारण मी पोलावर असलो की फोन तीच उचलायची. मी जेवत असलो तरी तीच उचलायची. “आत्ताच बसलेत ताटावर, पाच मिनिटांत लावायला सांगते,” म्हणायची आणि माझं जेवण होईपर्यंत मोबाईल पदराखाली दाबून धरायची. कोण खरंच अडचणीत आहे आणि कोण उगाच ओरडतोय, हे तिला आवाजावरून कळायचं. आता दोन्ही मोबाईल माझ्याच खिशात असतात.

“वहिनी, वायरमनला द्या बरं,” तिकडून आवाज आला.

“मीच हाय. बोल.”

“वरची डीपी गेली, बद्रीमामा.”

मी हात धुतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघायला गेलो. डीपीत काही राहिलं नव्हतं. परत निघालो तर मारुतीच्या पारावर पंधरावीस माणसं बसलेली. मधे विजयसिंहदादा. गावातली निम्मी जमीन त्यांच्या भावकीची आणि घरातलं कोणी ना कोणी नेहमी पंचायत समितीवर असतं. डीपीवरच्या सगळ्यात मोठ्या चार मोटारी त्यांच्याच.

“बद्रीनाथ, डीपी कवा?”

“इंजिनिअर मॅडमनी वर कळवलंय दादा. डीपीची गाडी आली की बसवू.”

“गाडी कवा?”

“ते माझ्या हातात न्हाई.”

“मग तुझ्या हातात हाय तरी काय?”

लोक हसले. मी मोटरसायकल स्टँडवरून काढत होतो. दादा उठले आणि त्यांनी किल्ली काढून घेतली. ओढली नाही, लेकराच्या हातातून सुरी काढून घेतात तशी घेतली.

“ही ऱ्हाऊ दे इथं. डीपी बसली की घेऊन जा. चहा पी.”

चहा आला. मी पिलो. यांच्यातल्या कितीतरी घरांत पहिला बल्ब मी लावला होता. माझा जोडीदार बिभीषण म्हणतो तसं, लाईट असली की वायरमन कोणाच्या ध्यानात नसतो आणि गेली की त्याच्याशिवाय कोणी आठवत नाही. कप खाली ठेवला आणि नेकनूरपर्यंत चालत घरी आलो. वारं कोरडं होतं, ओठ फुटले. वाटेत दोन्ही मोबाईल वाजत होते. मी एकही उचलला नाही.

घरी अंगद होता. अंगद माझा मुलगा. आयटीआय झालेला, लग्न झालेलं, एक मुलगी, आरोही. वीज कंपनीच्या भरतीला तीन वेळा बसला, लागला नाही. त्याला किल्लीचं सांगितलं तर तो चिडला नाही.

“दादाला मी सांगतो. उद्या माझ्या गाडीवर जाऊ.”

“तुझं काय काम?”

“मंग वर कोन चढायचं? तुमी?”

वच्छला गेल्यानंतर पहिल्यांदा पोलावर चढलो तेव्हा माझा उजवा हात वरच धरून राहिला. बोटं मिटलेली, ती उघडेनात. खाली बिभीषण होता. तोही वायरमन, दुसऱ्या गावांचा. तो वर आला आणि एकेक बोट सोडवून त्यानं मला उतरवलं. डॉक्टर म्हणाले, मानेत शीर दबलीय. गोळ्या दिल्या. ऑफिसात सांगितलं तर ‘हलकं काम देऊ’ म्हणाले, पण तीन माणसांच्या जागेवर मी एकटा, हलकं काम कुठून आणणार? दिवाळीपासून अंगद माझ्याबरोबर येऊ लागला. आधी शिडी धरायला. मग एक दिवस पक्कड घेऊन स्वतःच चढला. कोणी नेमलेला नाही, पगार नाही, विमा नाही. अशा माणसाला सगळे झिरो वायरमन म्हणतात. अंगदला ते लागत नाही. लोक त्याला छोटे वायरमन म्हणतात, चहाला बोलावतात, पोरं मागं पळतात. वर चढला की तो शीळ घालतो.

तो वर असला की मी खाली उभा राहतो. बत्तीस वर्षं पोल चढलो, कधी भीती वाटली नाही. खाली उभं राहायला शिकलो तेव्हा भीती कळली. मान वर करून बघायचं, आणि मान वर केली की हात बधिर होतो.

म्हणून मी ठरवलं होतं. स्वेच्छानिवृत्ती घ्यायची. मी वायरमन नसलो की अंगदला पोलावर चढवायला कोणी बोलावणार नाही. दुसरं काही कारण नव्हतं. अपमान वगैरे जुने झाले होते.

बिभीषणला मी ते ऑफिसापुढच्या टपरीवर सांगितलं. तो तंबाखू मळत होता.

“बे बद्री, डोकं फिरलं का? तीन वर्षं ऱ्हायलेत.”

“तीन वर्षं तो चढायचा. माझ्या नावावर.”

“मंग चढू दे. शिकंल.”

“तू तुझ्या पोराला चढवतूस का?”

“माझं पोरगं पुण्याला गेलंय, कंपनीत डबे भरायलंय,” तो म्हणाला. मग हसला. “आन् हे बघ मर्दा, तू घरी बसलास तर अंगदला काय? घंटा. पोलावरच मेलास तर पोराला अनुकंपावर नोकरी. पर्मनंट. इतका साधा हिशोब न्हाई कळत?”

टपरीवाला पण हसला. मीही हसलो. असले विनोद आम्ही नेहमी करतो. बिभीषणनं माझ्या पाठीवर थाप मारली आणि तंबाखू पुढे केली.

“गंमत करायलोय बे. पन घाई करू नको.”

त्या रात्रीच्या जेवणाला मी घरात सांगितलं. सून उज्ज्वला भाकरी टाकत होती. आरोही माझ्या मांडीशी बसून शेंगदाणे वेचून खात होती.

“मी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज देतोय. मॅडमकडं.”

उज्ज्वलाचा हात परातीत थांबला, मग पुन्हा चालू झाला.

“कावून?” अंगद म्हणाला.

“हात काम करत न्हाई.”

“मी हाय ना. तुमाला कुनी वर चढ म्हनलंय का?”

“त्याच्यासाठीच.”

“म्हंजे?”

“तू चढू नयेस म्हनून.”

त्यानं ताट सरकवलं. “आबा, मी चढतो तवा माणूस असतो. घरी बसलो तर मी कोन? बद्री वायरमनचं रिकामं पोरगं. तुमी सोडली तर मला कोन विचारनार हाय? भरतीत तर अनुभव मागतेत.”

“ह्या अनुभवाचा कागद देतंय का कुनी?”

“न देईनात. तीन वर्षं काढा. तीन वर्षांत एखादी भरती निघंल. न्हाई निघाली तर...” तो थांबला. “तोवर काई झालं तर...”

उज्ज्वलानं तव्यावरची भाकरी उलटली, ती करपली होती. मला टपरी आठवली. अंगदचा कान तांबडा झाला होता. लहानपणी खोटं बोलला की व्हायचा तसा. वाईट मुलगा नाही तो. आईला डायलिसिससाठी आठवड्यातून दोनदा बीडला तोच न्यायचा, मोटरसायकलवर पाठीला बांधून. पण ते अर्धं वाक्य त्याच्या पोटात होतं, आणि माझ्या ताटासमोर ते बाहेर आलं.

“जेव,” मी म्हणालो. “ताटावरून उठू नको.”

आम्ही दोघं जेवलो.

नवी डीपी आठ दिवसांनी आली. नवी म्हणजे दुरुस्त केलेली. दादांनी ट्रॅक्टर दिला, लोकांनी दोर दिले, दुपारपर्यंत ती दोन पोलांच्या मधल्या चौकटीवर चढवली. सगळ्यांचे कपडे तेलानं माखले. वरच्या मोठ्या तारांना जोड द्यायचे राहिले. त्यासाठी लाईन बंद पाहिजे.

लाईन बंद करायचं आमचं असं असतं : सबस्टेशनच्या ऑपरेटरला फोन करून परमिट घ्यायचं. तो त्या गावांच्या लाईनचा, म्हणजे फीडरचा, स्विच पाडतो, वहीत आपलं नाव लिहितो. काम झालं की आपणच फोन करून सोडायचं, मग तो लाईन चालू करतो. ऑपरेटर उत्तरेश्वर नावाचा कंत्राटी माणूस होता. त्याचा बदली माणूस काम सोडून गेला होता, म्हणून तो आदल्या सकाळपासून खुर्चीतच होता.

“उत्तरेश्वर, चिंचटेक फीडर. परमिट दे.”

“घ्या मामा. पाडली. बिभीषणमामानं बी हेच फीडर घेतलंय, खालच्या गावात काम करायलेत.”

“ध्यानात ठेव मंग. दोन परमिटं हाईत.”

“हाय ध्यानात. जांभया देऊ देऊ जबडा दुखायलाय, पन ध्यानात हाय.”

अंगद शिडी लावून चढायलाच निघाला होता. मी म्हणालो, थांब. डिकीतून साखळी काढली. लोखंडी, जाडसर. तिचं एक टोक जमिनीत ठोकलेल्या गजाला बांधायचं आणि दुसरं बांबूनं तारांवर टाकायचं. चुकून लाईन चालू झालीच तर करंट साखळीतून जमिनीत जातो आणि स्विच पडतो. जुन्या लोकांची पद्धत. आता कोणी करत नाही, वेळ जातो.

“आबा, परमिट घेतलंय ना?”

“घेतलंय.”

“मंग साखळी कावून? लोक थांबलेत.”

“थांबू दे.”

“छोटे वायरमन, तुमचे आबा लईच भित्रे हो,” कोणीतरी मागून म्हणालं. अंगद त्यांच्याकडं बघून हसला. मी बांबू उचलला. हाताला मुंग्या आल्या, दोनदा साखळी तारांवरून घसरली. तिसऱ्यांदा अडकली. मग अंगद चढला. वर जाऊन चौकटीवर एक पाय टाकला, पक्कड दातात धरली आणि शीळ घालायला लागला. पक्कड तोंडात असली की शीळ नीट वाजत नाही, नुसती हवा जाते.

दोन जोड झाले. तिसऱ्यासाठी तो वाकला.

आधी आवाज आला. सुतळी बॉम्ब छातीजवळ फुटावा तसा. निळा उजेड झाला, साखळी तारांवरून उडाली आणि जळक्या लोखंडाचा वास सुटला. अंगदच्या पलीकडची तार तुटून शेतात पडली. अंगद चौकटीवरून सटकला होता. एका हातानं तो लोखंडी पट्टीला लटकत होता आणि पाय शिडी शोधत होते. शिडी कलंडली होती. मी ती धरली, कोणी दुसऱ्यानंही धरली. तो घसरत खाली आला. छातीपासून पोटापर्यंत कातडी सोललेली, शर्ट फाटलेला. तो जमिनीवर बसला आणि माझ्याकडं बघायला लागला. दात वाजत होते. मी त्याच्या अंगाला हात लावून पाहिला, डोकं, मान, बोटं. सगळं होतं.

कडेला उभा असलेला एक म्हातारा म्हणाला, “मंग आता लाईट कवा यील?”

खालच्या गावात बिभीषणचं काम झालं होतं. त्यानं फोन केला, “माझं झालं, सोड.” त्याच वेळी दुसऱ्या मोबाईलवर कोणीतरी मोठं माणूस उत्तरेश्वरला लाईटसाठी शिव्या देत होतं. उत्तरेश्वरनं एक परमिट सुटलं ते बघितलं, दुसरं वहीत होतं ते बघितलं नाही, आणि लाईन चालू केली. संध्याकाळी तो माझ्या घरी आला. उंबऱ्याबाहेर बसून रडला. “मामा, मला काढून टाकलं. बरंच झालं. मला ती खुर्चीच नको. डोळे उघडे असतेत आन् दिसत न्हाई काई.” उज्ज्वलानं त्याला पाणी दिलं. अंगद आत पालथा पडला होता, बाहेर आला नाही.

दोन दिवसांनी मॅडमनी बोलावलं. आमच्या इंजिनिअर, राजनंदिनी मॅडम. परळीच्या, माझी मुलगी शोभेल एवढ्या वयाच्या. अंगदच मला घेऊन गेला, कारण माझी मोटरसायकल अजून पारावरच होती. तो दाराशी उभा राहिला.

मॅडमच्या टेबलावर मोठा काळा डाग आहे. मागच्या महिन्यात दुसऱ्या एका गावातले लोक आले आणि त्यांनी जळक्या डीपीचं तेल टेबलावर ओतलं. पुसून पुसून वर्तमानपत्रं संपली, डाग गेला नाही. त्या डागावरच फायली ठेवतात.

“मामा, चौकशी लागली आहे,” त्या म्हणाल्या. “तार तुटली, डीपीचं नुकसान झालं. परवानगी नसलेला माणूस पोलावर होता अशी तक्रार आहे. आणि साखळी. ती आपल्या साहित्यात नाही. ती जमा करून घ्यायला सांगितलंय.”

“साखळी नसती तर पोरगं गेलं असतं, मॅडम.”

“मला माहीत आहे.”

“तक्रार कुनाची?”

त्यांनी डागावरची फाईल सरळ केली. मी विचारायला नको होतं.

“मी रिपोर्टमध्ये लिहिलंय की वर तुम्ही होता. अंगदचं नाव कुठंच नाही. असूच शकत नाही. असलं तर तुम्ही सस्पेंड, आणि माझ्यावर पण येतं.”

“आन् तो वरच जळाला असता तर?”

मॅडमनी माझ्याकडं बघितलं नाही. दाराकडंही बघितलं नाही. “तर मामा, तिथं कोणी नव्हतं असं लिहावं लागलं असतं. शेतकऱ्याच्या पोरानं स्वतःहून पोलाला हात लावला, असं काहीतरी.”

मी खिशातून अर्ज काढला. चार घड्या घातलेला, घामानं मऊ पडलेला. टेबलावर ठेवला. त्यांनी उघडून वाचला आणि परत घडी घातली.

“चौकशी चालू असेपर्यंत स्वेच्छानिवृत्ती मंजूर होत नाही.”

“मंग साधा राजीनामा देतो. सोडून देतो.”

“तो पण घेणार नाहीत. आणि तुम्ही कामावर यायचंच बंद केलं तर बडतर्फ करतील. बत्तीस वर्षांचं सगळं जाईल. हाताचं मेडिकल लावा म्हणाल, तर बोर्डाची तारीख यायलाच वर्ष जातं.”

“मॅडम, तुमी सांगा की वर. तुमचं ऐकतेत.”

त्या हसल्या. चांगलं हसू नव्हतं ते. “माझा राजीनामा पंधरा दिवसांपूर्वी गेलाय मामा. महिनाअखेर मी नसेन. नवीन कोण येईल माहीत नाही. कोणी येईल की नाही तेही माहीत नाही.”

“दुसरी नोकरी लागली?”

“नाही. परळीला घरी जाते. वडील म्हणतात, लोक या नोकरीसाठी मरतात आणि तू सोडतेस. मी त्यांना म्हटलं, एक महिना माझा मोबाईल तुमच्याजवळ ठेवा. त्यांनी दोन दिवस ठेवला, मग आणून माझ्या उशाशी ठेवला.”

मी उठलो. त्यांनी अर्ज परत माझ्या हातात दिला. “काळजी घ्या,” म्हणाल्या. “ती लाईन उद्याच जोडा. दादांचे सारखे फोन येताहेत.”

बाहेर कडुनिंबाखाली अंगद गाडीची किक मारत होता. लागत नव्हती. छातीला पट्टी होती, म्हणून जोर येत नव्हता. मग तो थांबला.

“चौकशी किती दिस चालती, आबा?”

“वर्ष. दोन वर्षं बी चालती.”

“म्हंजे तवर तुमी नोकरीवरच.”

“हं.”

त्यानं मान हलवली. तोंडावर काही आणायचं नाही म्हणून तो फार प्रयत्न करत होता. पण श्वास सोडला तो मी ऐकला. ओझं खाली ठेवल्यावर सोडतात तसा. त्याला वाटलं गाडीच्या आवाजात गेला असेल, पण गाडी चालू झालीच नव्हती.

मी मागं बसलो. रस्त्यानं उसाच्या गाड्या जात होत्या, धूळ होती. त्याच्या पाठीला टेकून मी विचार करत होतो. मी घरी बसू शकत नाही. मी नोकरीवर असलो की पोलाला माणूस लागणार. मी चढलो नाही तर तो चढणार. तो पडला तर कोणी नव्हतंच. मी पडलो तर मी होतो. पगारपत्रकावर होतो. याच्यापुढं डोकं चालत नव्हतं, आणि चालायची गरजही नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी उज्ज्वलानं मला आंघोळीला पाणी जास्त तापवून दिलं. भाकरीबरोबर अंड्याची पोळी केली. आरोहीला उगाच माझ्याजवळ पाठवलं. “आबांच्या पाया पड,” म्हणाली. आमच्याकडं असं रोज पडत नाहीत. आरोही पडली आणि पळून गेली. उज्ज्वला चुलीकडं तोंड करून बसली. अंगदनं तिला काय सांगितलं होतं मला माहीत नाही. कदाचित काहीच नसेल. ती चांगली पोरगी आहे, वच्छलाचं शेवटचं सगळं तिनं केलं.

शिवारात थंडी होती. बिभीषण आला होता. दोन परमिटांची चूक झाली म्हणून यावेळी त्यानं स्वतःच यायचं ठरवलं होतं. गुडघ्यानं तो आता चढत नाही, पण तार ओढायला चालतो. विजयसिंहदादाही बांधावर खुर्ची टाकून बसले होते. शेजारच्या खोपीत त्यांचे चार स्टार्टर होते, चारींचे ऑटो लावलेले. नव्या ऑपरेटरकडून मी परमिट घेतलं. त्याचं नावही मला माहीत नव्हतं. आवाज झोपेतला होता.

अंगदनं शिडी लावली. पक्कड कमरेला खोचली.

“पक्कड दे इकडं,” मी म्हणालो.

“काय?”

“दे. वर मी जातो. आजपासून मीच. तू खाली ऱ्हायचं. पोलाला हात लावायचा न्हाई, कुनी कितीबी म्हनलं तरी.”

“बे बद्री,” बिभीषण म्हणाला. “तुझा हात...”

“हात हाय.”

बिभीषणनं माझ्याकडं बघितलं, मग अंगदकडं. त्याच्या तोंडातली तंबाखू चावायची थांबली. तो तार घेऊन दूर, पुढच्या पोलाकडं निघून गेला.

“चला, उरका रे,” दादा बांधावरून म्हणाले. “कोनी बी चढा.”

अंगदनं पक्कड माझ्या हातात दिली. माझ्या बोटांनी ती धरली, थोडी उशिरा. मी शिडीवर पहिला पाय ठेवला आणि थांबलो. बूट नीट करायचं निमित्त होतं, पण बूट नीटच होते. मी त्याला वेळ देत होतो. एक शब्द पुरला असता. ‘नको’ म्हणाला असता तर मी उतरलो असतो, मग दादा काहीही म्हणू देत. आम्ही बापलेक ती डीपी तशीच टाकून घरी गेलो असतो आणि पुढचं पुढं बघितलं असतं.

त्याचे डोळे ओले होते. ओठ हलले. मग तो खाली बसला, शिडीच्या पायाखालचा एक दगड काढून त्यानं फेकला, शिडी हलवून बघितली आणि दोन्ही हातांनी घट्ट धरली.

“बसली नीट,” तो म्हणाला. “चढा.”

मी चढलो.